वादळातील नुकसान आणि अपुरी विमा भरपाई
डोणगावसारख्या बाजारगावांतील व्यापारी मालमत्तेसंबंधी काही विचार

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील डोणगाव हे नागपूर-मुंबई या जुन्या मार्गावरील बाजारगाव आहे. अशा गावांतील दुकाने, धान्याची गोदामे, कृषी सेवा केंद्रे आणि लहानमोठे कारखाने यांचा फार मोठा भाग पत्र्यांच्या छपराखाली चालतो. पत्रा स्वस्त पडतो, लवकर चढतो आणि वादळात तितक्याच लवकर उडतो. विदर्भात एप्रिल ते जून या काळात वळवाचा वादळी पाऊस होतो. पुढे परतीच्या पावसातही सोसाट्याचा वारा सुटतो. या दोन काळांत उडालेले छप्पर सोयाबीन व कापूस बाजारात येण्यापूर्वी पूर्ववत झाले नाही, तर व्यापाऱ्याचा वर्षाचा मुख्य हंगामच हातचा जातो.

विम्याच्या अपुऱ्या भरपाईचा प्रश्न नेमका याच वेळी उभा राहतो. मे महिन्यातील वादळाचा दावा पुष्कळदा भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास निकालात निघतो. मागितलेल्या रकमेच्या निम्मी, कधी तिसरा हिस्सा रक्कम देऊ केली जाते आणि सोबत ‘पूर्ण व अंतिम भरपाई मिळाली’ अशा मजकुराची पावती स्वाक्षरीसाठी येते. दारात सोयाबीनची पोती आणि वर उघडे आकाश अशा स्थितीत दुकानदार ती पावती न वाचता सही करतो. हिवाळा कोरडाच जाईल अशीही खात्री देता येत नाही. 26 आणि 27 नोव्हेंबर 2023 रोजी बुलढाणा जिल्ह्यासह राज्याच्या अनेक भागांत झालेला अवकाळी पाऊस व गारपीट अनेकांच्या स्मरणात असेल. म्हणून अपुऱ्या दाव्याचा विचार दिवाळीपूर्वीच व्हावयास हवा.

शेतीच्या नुकसानीचे पंचनामे, अनुदान आणि पीक विमा यांविषयी गावोगाव बरीच जाण आली आहे. व्यापारी मालमत्तेच्या विम्याविषयी मात्र ती नाही. दुकानदार म्हणजे सधन मनुष्य, तो आपले पाहून घेईल, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात गावातील बहुतेक दुकाने कर्जावर उभी असतात आणि त्यांच्या छपराखाली हमाल, मापाडी, चालक अशा अनेकांची रोजी असते.

मदत निराळी, विमा निराळा

प्रथम एक गोंधळ दूर केला पाहिजे. आपत्तीनंतर शासन देते ती मदत होय. जुलै 2021 मधील महापुरानंतर राज्य शासनाने जाहीर केलेल्या विशेष मदतीत दुकानदारांना नुकसानीच्या 75 टक्के, परंतु जास्तीत जास्त 50 हजार रुपये, आणि टपरीधारकांना जास्तीत जास्त 10 हजार रुपये देण्याची तरतूद होती. ही रक्कम त्या आपत्तीपुरती ठरलेली होती आणि तिचा हेतू आधार देण्याचा होता. विम्याची भरपाई हा मात्र करार आहे. हप्ता भरला असेल आणि घडलेली हानी कराराच्या कक्षेत येत असेल, तर भरपाई हा हक्काचा विषय ठरतो. हक्क सिद्ध करण्यासाठी पुरावा लागतो आणि करार समजण्यासाठी तो वाचावा लागतो. अपुऱ्या दाव्यांपैकी पुष्कळांचे मूळ या दोन ठिकाणी सापडते.

पहिल्या काही दिवसांतील कागद

वादळ ओसरताच विमा कंपनीला लेखी सूचना द्यावी. दूरध्वनीवरून कळविले असले तरी त्याच दिवशी ई-मेल किंवा पोच घेतलेले पत्र हवे. जुन्या प्रमाणभूत अग्नी विमापत्रात हानीनंतर 15 दिवसांच्या आत दाव्याचा तपशील लेखी सादर करण्याची अट असे. आपल्या विमापत्रात कोणती मुदत आहे ते पाहून ती पाळावी आणि जमत नसेल तर वाढीव मुदत लेखी मागावी.

विमा नियामक व विकास प्राधिकरणाने 2024 मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार दाव्याची सूचना मिळाल्यापासून 24 तासांत सर्वेक्षकाची नेमणूक व्हावी, त्याचा अहवाल 15 दिवसांत यावा आणि अहवाल मिळाल्यावर 7 दिवसांत कंपनीने निर्णय द्यावा, अशी अपेक्षा आहे. हे वेळापत्रक दुकानदाराला ठाऊक असले तर उशीर कोठे झाला हे त्याला दिनांकांसह दाखविता येते. त्यासाठी सर्वेक्षकाच्या प्रत्येक भेटीची तारीख, त्याने मागितलेल्या कागदांची यादी आणि कागद दिल्याची पोच एका वहीत नोंदवून ठेवावी.

सर्वेक्षक येईपर्यंत छायाचित्रे काढून ठेवावीत. पडलेल्या भिंतीचे एक चित्र पुरत नाही. उपटलेले बोल्ट, वाकलेली कैची, पत्र्याचा फाटलेला कोपरा, भिजलेल्या थप्पीचा खालचा व वरचा थर अशी कारण दाखविणारी चित्रे हवीत. पत्रा गंजून सुटला की वाऱ्याने फाटला, हा पुढे वादाचा मुद्दा होतो. गंजलेल्या छिद्रातून पाणी गळणे ही देखभालीतील उणीव मानली जाते आणि तिची भरपाई मिळत नाही. बोल्टसह उपटलेला पत्रा वेगळी साक्ष देतो. म्हणून असे दोन-चार तुकडे भंगारात न घालता बाजूला ठेवावेत.

‘त्या दिवशी वादळ झालेच नाही, केवळ पाऊस झाला’ अशीही हरकत कधी कधी घेतली जाते. विमापत्रात वादळ, चक्रीवादळ, पूर व जलमयता ही संकटे नावानिशी दिलेली असल्याने हा मुद्दा क्षुल्लक नाही. याबाबत गावातील यंत्रणा दुकानदाराच्या फार उपयोगी पडू शकते. महावेध प्रकल्पांतर्गत महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे बसविलेली असून त्यांत पर्जन्याबरोबर वाऱ्याचा वेगही नोंदला जातो. केंद्र काही अंतरावर असल्यास त्याच्या नोंदीत स्थानिक झोत दिसणार नाही, हे शक्य आहे. तेव्हा इतर नोंदी पुढे येतात. तलाठ्याचा, म्हणजे आताच्या पदनामाने ग्राम महसूल अधिकाऱ्याचा पंचनामा, कोसळलेल्या खांबांविषयी महावितरणकडील नोंद, रस्त्यावर पडलेल्या झाडांसंबंधी ग्रामपंचायतीची नोंद, या सर्वांतून एकच चित्र उभे राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेचे पत्रे त्याच दिवशी उडाले असतील, तर मुख्याध्यापकांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठविलेला अहवालही वादळाचा पुरावा होतो. तो अहवाल शाळेच्या दुरुस्तीसाठी लिहिलेला असतो. त्यात वेळ आणि वाऱ्याची दिशा नोंदलेली असल्यास तो शेजारच्या गोदामाच्याही कामी येतो.

अशा वादळांचा जोर किती असतो, हे शेजारच्या अकोला जिल्ह्याने पाहिले आहे. 9 एप्रिल 2023 रोजी बाळापूर तालुक्यातील पारस येथे एका संस्थानाच्या पत्र्याच्या शेडवर कडुनिंबाचे मोठे झाड कोसळून 7 जणांचा मृत्यू झाला. जीवितहानी झाली की तिची नोंद सर्वत्र राहते. मालाची व इमारतीची हानी मात्र पंचनाम्यात नीट उतरली नाही, तर दोन महिन्यांनी तिचा मागमूस उरत नाही. पंचनाम्यात ‘दुकानाचे नुकसान’ एवढेच न लिहिता पत्र्यांची संख्या, भिंतीची लांबी, भिजलेल्या पोत्यांची मोजणी आणि मालाचा प्रकार लिहिला गेला, तर एका ओळीचे मोल हजारो रुपयांचे होते.

विमापत्रात काय असते

1 एप्रिल 2021 पासून लहान व्यवसायांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ हे प्रमाणित विमापत्र लागू झाले. एका ठिकाणच्या विमायोग्य मालमत्तेचे मूल्य 5 कोटी रुपयांपर्यंत असेल तर ते लागू होते. त्यापुढे 50 कोटी रुपयांपर्यंत ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’ हे विमापत्र आहे. डोणगावसारख्या गावातील बहुतेक दुकाने व गोदामे पहिल्या प्रकारात येतील. प्रमाणित विमापत्राचा लाभ असा की त्याच्या मुख्य अटी कंपनीगणिक बदलत नाहीत. एका दुकानदाराने वाचून समजून घेतलेले विमापत्र शेजाऱ्यालाही समजावून सांगता येते.

विमापत्र हाती नसणे ही सर्वांत मोठी अडचण असते. कॅश क्रेडिट देताना बँक मालाचा विमा उतरविते, हप्ता खात्यातून वळता होतो आणि विमापत्र बँकेच्या फाइलमध्ये राहते. वादळानंतर कळते की विमा केवळ मालाचा होता, इमारतीचा नव्हता. किंवा माल ज्या गोदामात होता त्याचा पत्ता विमापत्रात नव्हता. बँकेकडून विमापत्राची व परिशिष्टाची प्रत मागून घेणे हा कर्जदाराचा साधा अधिकार आहे. तो वादळापूर्वी वापरलेला बरा. विमापत्र बहुधा इंग्रजीत असते. गावातील शिक्षकाने एका संध्याकाळी चार दुकानदारांना एकत्र बसवून परिशिष्टाचे एक पान वाचून दाखविले, तरी पुष्कळ काम होईल. कोणत्या मालमत्तेचा विमा आहे, किती रकमेचा आहे, कोणत्या पत्त्यावरील आहे, मूल्यांकन कोणत्या पद्धतीने होणार आहे आणि प्रत्येक दाव्यात स्वतः सोसावयाची रक्कम किती, एवढे त्या पानावरून समजते.

रक्कम कोठे कमी होते

भरपाई कमी होण्याची कारणे गूढ नसतात. घसारा, अपुरा विमा, भिजलेल्या मालाचे उरलेले मूल्य, अमान्य बाबी आणि स्वतः सोसावयाची रक्कम, या पाच ठिकाणी बहुधा कात्री लागते. त्यांपैकी अपुऱ्या विम्याची वजावट सर्वांत मोठी असते आणि तीच सर्वांत कमी लोकांना समजते. इमारत नव्याने बांधण्यास 40 लाख रुपये लागणार असतील आणि विमा 24 लाखांचा असेल, तर मालकाने 60 टक्के भागाचाच विमा उतरविला असे धरले जाते. मग 5 लाखांच्या हानीवर 3 लाखच मिळतात. छोट्या हानीला मोठा विमा पुरेसा आहे, हा समज येथे फसतो. ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ विमापत्रात अशी तूट 15 टक्क्यांपर्यंत असेल तर ती दुर्लक्षित केली जाते. तूट त्याहून अधिक असेल तर प्रमाण लागू होते.

आता एक कल्पित उदाहरण आकड्यांसह पाहू. समजा, डोणगावच्या एका व्यापाऱ्याचे पत्र्याचे गोदाम आहे. इमारतीचा विमा 15 लाख रुपयांचा, पुनर्बांधणी मूल्याच्या तत्त्वावर उतरविला आहे. मालाचा विमा पुरेसा आहे. वादळात छप्पर गेले आणि सोयाबीन भिजले. त्याने छपराच्या दुरुस्तीचे 3,60,000, मालाचे 2,40,000 आणि मलबा हटविण्याचे 12,000, असे 6,12,000 रुपये मागितले. त्याला देऊ केले 2,19,600.

सर्वेक्षण अहवालाची प्रत मागितल्यावर हिशेब असा निघाला. छपराच्या खर्चातून 40 टक्के घसारा वजा होऊन 2,16,000 उरले. इमारतीचे नवे मूल्य 25 लाख धरल्याने विमा 60 टक्केच ठरला आणि त्या 2,16,000 चे 1,29,600 झाले. भिजलेल्या सोयाबीनची किंमत 1,40,000 येईल असे गृहीत धरून मालाबद्दल 1,00,000 मान्य झाले. मलब्याचे काहीच धरले नाही. बेरजेतून स्वतः सोसावयाचे 10,000 वजा झाले.

या हिशेबातील मुख्य दोष दोन मापे वापरल्याचा आहे. हानी मोजताना जुन्या, झिजलेल्या छपराचा दर घेतला आणि विमा पुरेसा आहे का हे पाहताना संपूर्ण इमारतीचा नवा दर घेतला. पुनर्बांधणी मूल्याचे तत्त्व असेल तर दोन्हीकडे नवा दर हवा. बाजारमूल्याचे तत्त्व असेल तर दोन्हीकडे घसारा हवा. एकाच हिशेबात दोन फूटपट्ट्या चालत नाहीत. ही एकच हरकत नीट मांडली तर पुष्कळ दाव्यांचे रूप पालटेल, असे मला वाटते.

दुसरी गोष्ट 25 लाखांच्या आकड्याची. अभियंत्याकडून मोजमाप करून घेतल्यावर दिसले की सर्वेक्षकाने लगतची दुसऱ्याची शेडही त्यात धरली होती. स्वतःच्या गोदामाचे पुनर्बांधणी मूल्य 17 लाख निघाले. 17 लाखांवर 15 लाखांचा विमा म्हणजे सुमारे 12 टक्के तूट. ती 15 टक्क्यांच्या आत असल्याने दुर्लक्षित व्हावयास हवी. छपराचे पूर्ण 3,60,000 देय ठरतात. भिजलेले सोयाबीन बाजार समितीत लिलावाने विकल्यावर हिशेबपट्टीप्रमाणे 96,000 आले, म्हणून मालाची हानी 1,44,000 झाली. मलबा हटविण्याच्या खर्चाला मान्य दाव्याच्या 2 टक्क्यांची मर्यादा आहे. 5,04,000 वर ती 10,080 होते, म्हणजे मागितलेल्या 12,000 पैकी 1,920 सोडून द्यावे लागतात. एकूण 5,14,080 मधून 10,000 वजा जाता 5,04,080 राहतात. देऊ केलेल्या रकमेपेक्षा हे 2,84,480 रुपयांनी अधिक आहेत.

येथे दुकानदाराने आपली मूळ मागणीही तपासली, हे लक्षात घ्यावे. ‘आम्हास फार कमी मिळाले’ असे पत्र कंपनीच्या टेबलावर पडून राहते. कलमागणिक आकडा, त्याचे कारण आणि सोबत पुरावा असे पत्र मात्र बाजूला सारता येत नाही. दुरुस्तीच्या दराविषयी वाद असेल तर दोन कंत्राटदारांची लेखी अंदाजपत्रके आणि सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची यांचा आधार घ्यावा. वस्तू व सेवा कर नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला ज्या कराची वजावट परत मिळते, तो कर दाव्यात धरू नये. तो धरला तर उरलेल्या मागणीवरचा विश्वास उगाच कमी होतो.

मालाच्या बाबतीत साठा नोंदवही, खरेदीच्या पावत्या, कर विवरणपत्रे आणि बँकेला दरमहा दिलेले साठा विवरण यांचे आकडे परस्परांशी जुळावे लागतात. कर्जाची उचल वाढावी म्हणून बँकेला साठा फुगवून दाखविण्याची किंवा कर वाचावा म्हणून वहीत कमी दाखविण्याची सवय येथे महाग पडते. भिजलेले धान्य तसेच ठेवून कुजविणेही योग्य नाही. सोयाबीनला हमीभावाच्या खरेदीत सर्वसाधारणपणे 12 टक्के ओलाव्याची मर्यादा असते. पाणी लागलेला माल तिच्या बाहेर जातो आणि दिवसागणिक उतरतो. सर्वेक्षकाला लेखी कळवून, नमुने काढून ठेवून आणि वजन करून तो लवकर विकावा.

दुरुस्ती थांबवावी काय

थांबवू नये. पुरावा राहावा म्हणून छप्पर महिनोन्‌महिने उघडे ठेवणारे मालक आढळतात. उरलेल्या मालमत्तेचे रक्षण करणे हे विमाधारकाचे कर्तव्य आहे आणि त्याने ते केले नाही तर पुढील हानी नाकारली जाऊ शकते. ताडपत्री टाकणे, भिंतीला टेकू देणे, माल हलविणे ही कामे त्याच दिवशी करावीत आणि त्यांची बिले जपावीत. कायम दुरुस्तीपूर्वी कंपनीला तारीख देऊन लिहावे की अमुक दिवसापासून काम सुरू करीत आहोत, पुन्हा पाहणी करावयाची असल्यास त्यापूर्वी करावी.

पुनर्बांधणी मूल्याच्या विम्यात दुरुस्तीला आणखी एक महत्त्व आहे. जोपर्यंत दुरुस्ती प्रत्यक्ष होत नाही तोपर्यंत कंपनी घसारा वजा केलेली रक्कमच देते. दुरुस्ती झाल्यावर, आणि ती सामान्यतः 12 महिन्यांच्या आत झाल्यास, उरलेला फरक मागता येतो. मे महिन्यात मिळालेली कमी रक्कम हा अशा वेळी अन्याय नसून पहिला हप्ताही असू शकतो. दिवाळीपूर्वी छप्पर घालून बिले सादर करणाऱ्याला हा फरक मिळू शकतो. पैशाअभावी थांबलेल्याला तो मिळत नाही. म्हणून वादात नसलेली रक्कम आधी द्यावी, अशी लेखी मागणी पहिल्यापासून करीत राहावे.

पावतीवरील स्वाक्षरी

कापूस व्यवसायातीलच एक जुना निवाडा या बाबतीत बोलका आहे. युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध अजमेर सिंग कॉटन अँड जनरल मिल्स या 1999 च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की केवळ पावतीवर सही केल्याने अधिक भरपाई मागण्याचा ग्राहकाचा हक्क संपत नाही. मात्र ती सही फसवणूक, गैरवाजवी दडपण, चुकीची माहिती किंवा तत्सम कारणाने घेतली गेली, हे ग्राहकाने दाखवावयास हवे. हा निवाडा विमाधारकांच्या बाजूचा म्हणून अनेकदा सांगितला जातो. परंतु त्याच प्रकरणात तक्रारदारांनी असे काही मांडलेच नव्हते, आणि म्हणून त्यांना दिलासा मिळाला नाही. तत्त्व जिंकले, गिरणी हरली.

पुढे सप्टेंबर 2015 मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने कंपन्यांना बजावले की दाव्याची देय रक्कम ठरल्यावर पावतीसाठी ती अडवू नये आणि अशा पावतीने विमाधारकाचा दाद मागण्याचा हक्क हिरावला जात नाही, हे स्पष्ट असावे. तरीही सावधगिरी हवीच. रक्कम स्वीकारावी, पण सही करताना ‘हरकत राखून, अंशतः भरपाई म्हणून स्वीकारली’ असे हाताने लिहावे. तसे लिहू दिले नाही तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने हरकत नोंदवावी. सहा महिन्यांनी आठवलेले दडपण सहसा कोणी ग्राह्य धरीत नाही.

तक्रारीचा मार्ग

पहिली पायरी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याची. सर्वेक्षण अहवालाची प्रत मागून, वर सांगितल्याप्रमाणे कलमवार पत्र द्यावे. सर्वेक्षकाचा अहवाल महत्त्वाचा असला तरी तो अखेरचा शब्द नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या 2009 च्या निवाड्यात म्हटले आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या ‘बिमा भरोसा’ या व्यवस्थेत, संगणकावरून किंवा 155255 या क्रमांकावरून, तक्रार नोंदविता येते. तेथे दाव्याचा निवाडा होत नाही, पण कंपनीला उत्तर द्यावे लागते आणि तक्रारीचा दिनांक नोंदला जातो.

कंपनीने एक महिन्यात उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर विमा लोकपालांकडे जाता येते. कंपनीने दावा नाकारल्यापासून एक वर्षाच्या आत हा अर्ज करावयाचा असतो. व्यक्ती, एकल मालकीचा व्यवसाय आणि सूक्ष्म उद्योग यांना हा मार्ग खुला आहे. शुल्क नाही आणि वकिलाची गरज नाही. 50 लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईची प्रकरणे तेथे चालतात. ही मर्यादा 2023 मध्ये 30 लाखांवरून वाढविण्यात आली. बुलढाणा जिल्ह्यासाठी लोकपालांचे कार्यालय पुणे येथे आहे. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तक्रारदारावर नाही. मात्र तोच वाद न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात प्रलंबित असेल तर लोकपाल तो हाती घेत नाहीत. म्हणून क्रम उलटा करू नये.

ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आयोगाची पातळी दाव्याच्या रकमेवर ठरत नाही, भरलेल्या मोबदल्यावर, म्हणजे येथे हप्त्यावर ठरते. त्यामुळे गावातील जवळजवळ प्रत्येक प्रकरण जिल्हा आयोगापुढेच चालू शकते आणि तक्रारदार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथे ते दाखल करता येते. डोणगावच्या व्यापाऱ्याला बुलढाण्याच्या पलीकडे जाण्याचे कारण नाही. मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही.

‘आपण व्यापारी, मग ग्राहक कसे?’ हा प्रश्न दुकानदारच विचारतात. कंपन्यांनीही तो विचारला होता. 2002 च्या गुजरातमधील दंगलीत हरसोलिया मोटर्स या वाहन विक्रेत्याची हानी झाली. त्याच्या विम्याच्या वादात कंपनीचे म्हणणे होते की व्यापारासाठी घेतलेला विमा ग्राहक कायद्यात बसत नाही. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे अमान्य केले. विमा हानी भरून काढण्यासाठी असतो, नफा मिळविण्यासाठी नसतो, असे त्यामागील तर्कशास्त्र आहे. एवढा एक प्रश्न सुटण्यास दोन दशके लागली, याचाही विचार लोकपालांचा जवळचा मार्ग सोडण्यापूर्वी करावा.

ग्रामपंचायतीचे गाळे

ग्रामपंचायत सदस्यांनी एका गोष्टीकडे स्वतंत्रपणे पाहावे. अनेक ग्रामपंचायतींनी उत्पन्नासाठी गाळे बांधून भाड्याने दिले आहेत. गाळ्याची इमारत ग्रामपंचायतीची, आतील माल व फर्निचर भाडेकरूचे. भाडेकरूने उतरविलेला विमा त्याच्या मालाचा असतो. छपराचा विमा मालकाने उतरवावा लागतो, आणि तो उतरविला आहे का, हे वादळानंतरच विचारले जाते. भाडेकरूने स्वखर्चाने छत, फरशी किंवा पोटमाळा केला असेल तर त्याची नोंद करारनाम्यात नसल्यास दोघांपैकी कोणाचाच दावा नीट टिकत नाही. कर आकारणीच्या नोंदीत गाळ्याचे क्षेत्रफळ व बांधकामाचा प्रकार जुना राहिला असेल, तर सर्वेक्षक तोच कागद पुढे करतो. गाळ्यांच्या भाडेकरारांचे नूतनीकरण ज्या सभेत होते, त्याच सभेत इमारतीच्या विम्याची रक्कम आजच्या बांधकाम दरांशी ताडून पाहावी आणि कराराच्या मसुद्यात छप्पर, अंतर्गत बांधकाम व माल यांचा विमा कोणी उतरवावयाचा, हे तीन ओळींत लिहून घ्यावे. त्या विमापत्रांच्या प्रती ग्रामपंचायत कार्यालयात ठेवल्या, तर पंचनाम्याच्या दिवशी त्या शोधत बँकेत जावे लागणार नाही.